मोठी टेक कंपनी की छोटी? ऑफर घेण्याआधी तोट्यांचा हिशोब

गूगल, मेटा, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांपैकी कुणाची तरी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या नोकरीची ऑफर आली आहे आणि दुसरीकडे तीस-चाळीस जणांची एखादी प्रोडक्ट कंपनीही बोलावते आहे. अशा वेळी बहुतेकजण आकडा बघतात आणि विषय संपतो. मोठ्या कंपनीत पगार जास्त, बायोडेटावर नाव वजनदार, यात वाद नाही, म्हणून ते उगाळत बसत नाही. तिथे काय सोसावं लागतं आणि त्यातलं किती छोट्या कंपनीत टळतं, हे शेजारी-शेजारी ठेवून बघू. माझा निकष एकच आहे: तीन-चार वर्षांनी बाहेर पडाल तेव्हा सोबत काय येईल?

रोजचं काम

नाव ऐकून वाटतं, आपण सर्च नाहीतर फीड बनवणार. प्रत्यक्षात वाट्याला येतं ते एखाद्या अंतर्गत सर्व्हिसचं जुन्या स्टोरेजवरून नव्या स्टोरेजवर मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर. त्यात दोन-तीन क्वार्टर जातात. दहा ओळींच्या बदलासाठी आधी डिझाइन डॉक (कामाचा लेखी आराखडा), मग प्रायव्हसी रिव्ह्यू, सिक्युरिटी रिव्ह्यू, दुसऱ्या टीम्सच्या परवानग्या आणि शेवटी टप्प्याटप्प्याने रोलआउट. कोड लिहिण्यात दिवस जातो आणि तो लोकांपर्यंत पोचवण्यात महिना.

हे सगळं कुणी गंमत म्हणून केलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले, ते देखभालीच्या एका कमांडमुळे. अशी कमांड अडवण्यासाठी जे टूल होतं, त्यातच बग निघाला. एवढा पसारा असलेल्या ठिकाणी प्रत्येक पायरीवर पहारा लागणारच. पण पहाऱ्यात वर्षं तुमची जातात.

छोट्या कंपनीत सकाळी लिहिलेलं संध्याकाळी ग्राहकाच्या हातात असतं. व्हॉट्सॲपचंच बघा. २०१४ मध्ये फेसबुकने (आजच्या मेटाने) ते विकत घेतलं तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते आणि इंजिनिअर ३२. अर्थात हे टोकाचं उदाहरण आहे, त्याच्या भरवशावर कुणी ऑफर स्वीकारू नये. बहुतेक छोट्या कंपन्यांत दोन-चार मोठ्या ग्राहकांच्या मागण्या पुरवण्यातच वर्ष सरतं. बॅकअप परत चढतो का, हे कुणी कधी तपासलेलं नसतं. आणि तुमचा कोड बारकाईने वाचणारं कुणी नसलं, तर वाईट सवयीही तशाच पक्क्या होतात. इथे मोठ्या कंपनीला गुण द्यावेच लागतात: पहिल्या दोन वर्षांतला तिथला कोड रिव्ह्यू जन्मभर पुरतो.

शिकलेलं बाहेर चालतं का?

गूगलमध्ये कोड पायपर नावाच्या एकाच अवाढव्य रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या भांडारात राहतो, त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणं (बिल्ड) ब्लेझ या टूलने होतं, आणि प्रोग्राम (जॉब) बोर्ग या सर्व्हर सांभाळणाऱ्या यंत्रणेवर चालतात. मेटामध्ये सर्व्हरचा बराचसा कोड हॅक या त्यांच्याच भाषेत आहे. ही टूल्स उत्तम आहेत, इतकी की बाहेर आल्यावर काही महिने माणूस हळहळतो. पण ती बाहेर नाहीत. बोर्गच्या अनुभवातून कुबरनेटिस हे तसंच काम करणारं सॉफ्टवेअर जन्माला आलं आणि २०१४ मध्ये ओपन सोर्स झालं हे खरं, तरी बोर्गवर जॉब टाकता येणं आणि स्वतः कुबरनेटिस क्लस्टर (सर्व्हरचा समूह) उभा करून सांभाळणं यांत खूप अंतर आहे. तिथे ते काम दुसरीच टीम करत असते.

पोस्टग्रेस डेटाबेस, लिनक्स, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट, महिन्याच्या अखेरीस क्लाउडचं येणारं बिल: छोट्या कंपनीत जे अंगवळणी पडतं ते पुढच्या ठिकाणी जसंच्या तसं उपयोगी येतं. या मुद्द्यावर छोटी कंपनी सरळ पुढे आहे.

बढती

मला विचाराल तर मोठ्या कंपनीतला सर्वात मोठा तोटा हाच. तुमच्या लेव्हलचा, म्हणजे पदश्रेणीचा निर्णय बऱ्याचदा अशा खोलीत होतो जिथे तुम्ही नसता, आणि बसलेल्यांपैकी अनेकांनी तुमचं काम पाहिलेलंही नसतं. त्यांच्यापुढे असते तुमची लेखी मांडणी आणि मॅनेजरची वकिली. ‘इम्पॅक्ट’ आकड्यात दाखवता आला पाहिजे. नवं काही लाँच केलं तर तो दाखवणं सोपं. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकी शांतपणे चालणारी सिस्टीम सांभाळली, तर दाखवणार काय? मग हुशार माणसं हळूहळू गरजेचं काम सोडून दिसणारं काम निवडायला लागतात. गूगलने ॲलो हे मेसेजिंग ॲप २०१६ मध्ये आणलं आणि मार्च २०१९ मध्ये बंद केलं. अशा प्रकारांना बढतीची पद्धत एकटीच जबाबदार नसेल, पण लाँचला बक्षीस आणि देखभालीला शाबासकी अशी रीत असली की हे होतच राहणार.

त्यात रीऑर्ग, म्हणजे टीम्सची फेररचना. वर्षभर तुमचं काम पाहिलेला मॅनेजर अप्रेझलच्या तोंडावर दुसरीकडे जातो आणि नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सक्तीची क्रमवारी, म्हणजे दर वेळी काही जणांना तळाला टाकायलाच लावणारी पद्धत, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सोडली, पण तळाचे काही टक्के शोधण्याची सवय या क्षेत्राने सोडलेली नाही: २०२५ च्या सुरुवातीला मेटाने कमी कामगिरीचं कारण देऊन सुमारे ५ टक्के लोक काढले.

छोट्या कंपनीत संस्थापकाला दिसतं कोण काय करतो. मात्र त्याचं मन तुमच्यावरून उडालं तर दाद मागायला दुसरं दार नाही. आणि दोन वर्षांत मिळालेली ‘टेक लीड’ ही पदवी मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत कुणी जमेस धरत नाही.

शाश्वती

मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी, हा समज २०२२-२३ मध्ये मोडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० जण काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,०००. ॲमेझॉनची संख्या त्या हंगामात २७,००० पर्यंत गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच आणखी १४,००० पदं कमी करण्याची घोषणा झाली. गूगलमध्ये चांगला शेरा असलेल्या जुन्या लोकांनाही पहाटेच्या ईमेलवरून कळलं. कंपनी नफ्यात असणं हे संरक्षण नाही.

छोटी कंपनी तर सरळ बुडू शकते. मार्च २०२३ मध्ये स्टार्टअप्सचे पैसे ठेवणारी सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा अनेक स्टार्टअप्सना त्या आठवड्याचा पगार कसा द्यायचा हा प्रश्न पडला होता. फरक असा की छोट्या कंपनीत संकट येताना दिसतं, विचारलं तर कळतं. उलट, नोकरी जाताना मिळणारी रक्कम मोठ्या कंपनीत बरी असते: गूगलने अमेरिकेत किमान १६ आठवड्यांचा पगार दिला होता. छोटीत शेवटचा पगार वेळेवर मिळाला तरी पुष्कळ. आणि अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर दोन्हीकडे घड्याळ सारखंच, नवी नोकरी शोधायला साधारण ६० दिवस.

पैसे

मोठ्या कंपनीचा आकडा बराचसा शेअरमध्ये असतो. मेटाचा शेअर २०२२ या एका वर्षात जवळपास दोन-तृतीयांश घसरला, म्हणजे ऑफर लेटरवरचा आकडा कागदावरच राहिला. ॲमेझॉनची शेअर देण्याची पद्धत वर्षानुवर्षं ५, १५, ४०, ४० टक्के अशी होती. पहिल्या दोन वर्षांची उणीव बोनसने भरतात खरी, पण लवकर सोडणाऱ्याच्या हाती शेअर फार लागत नाहीत. शिवाय ‘पुढचे शेअर मिळेपर्यंत थांबू’ असं म्हणत माणूस नकोशा टीममध्ये वर्षं काढतो.

तरी तो शेअर बाजारात विकता येतो. स्टार्टअपचे ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क, शून्य धरूनच हिशोब करा. सोडल्यावर ते बहुधा ९० दिवसांत स्वतःचे पैसे घालून घ्यावे लागतात, आणि कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदारांची रक्कम वळती होते.

ऑन-कॉल, म्हणजे अवेळी बिघाड झाला तर धावून जाण्याची जबाबदारी, दोन्हीकडे आहे. मोठ्या कंपनीत पाळी लागते, छोटीत पाळी नसते, तुम्हीच असता. घरून कामाच्या आश्वासनावर मोठ्या कंपनीत विसंबू नका. जानेवारी २०२५ पासून ॲमेझॉनने कार्यालयीन कर्मचाऱ्यांना पाचही दिवस बोलावलं.

नुकतेच पास झाला असाल तर तोटे माहीत असूनही मी मोठ्या कंपनीकडे बोट दाखवेन, पण दोन-तीन वर्षांपुरतंच. सहा-सात वर्षांचा अनुभव आहे, पूर्ण सिस्टीम स्वतः उभी करायची हौस आहे आणि कंपनीकडे दीड वर्षाचा पैसा आहे, तर छोटी घ्या. मुलाखतीत दोघांनाही विचारा. छोटीला: पैसा किती महिने पुरेल, आणि शेवटचा इंजिनिअर का सोडून गेला? मोठीला: गेल्या वर्षभरात या टीमचे मॅनेजर किती वेळा बदलले, आणि टीममधल्या कुणाला देखभालीच्या कामावर बढती मिळाली आहे का?