अंबाला मेड स्टुडंट मायक्रोस्कोप, मायक्रोबायोलॉजीच्या पोट्ट्यांसाठी रिव्ह्यू

बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे मी, नागपुरातच. प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपमागे चार-पाच जण, आपला नंबर येऊन ऑइल इमर्शन (लेन्स आणि स्लाइडच्या मधात तेलाचा थेंब टाकून पाहायची १०० एक्सची लेन्स) जरा फोकस व्हायला लागलं की मागचे ओरडून राहिले, हो ना बे लवकर. म्हणून बर्डीवरच्या एका सायंटिफिकवाल्याकडून घरी घेऊन आली. मोनोक्युलर, एलईडी लाइट, १०, ४० आणि १०० एक्सचे ऑब्जेक्टिव्ह म्हणजे स्लाइडकडच्या लेन्स, साडेसात हजार.

दुकानदार काका आधी दुसराच दाखवून राहिले होते, डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात २००० एक्स आणि किंमतही कमी. राजेहो, त्या आकड्यावर जाऊ नका. लेन्सवर काय छापलंय ते वाचा, माझ्या लेन्सवर १००/१.२५ ऑइल आहे, त्यातला १.२५ म्हणजे एनए (न्यूमरिकल अपर्चर, लेन्स किती बारीक तपशील दाखवते त्याचा आकडा) आणि खरी कमाई तीच. साधारण एनएच्या हजारपटीपर्यंतच मॅग्निफिकेशन कामाचं, त्यापुढे चित्र नुसतं फुगते, नवीन काही दिसत नाही. आणि १ च्या वर एनए हवेत मिळतच नाही, त्यासाठीच तेल, कारण त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (लाइट किती वाकते त्याचा आकडा) काचेएवढाच, १.५१५ च्या आसपास, म्हणून लाइट मधात वाकून वाया जात नाही.

आता काम कसं करते ते. दह्याचा पातळ स्मिअर केला, हीट फिक्स, मग क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन, म्हणजे बॅक्टेरिया रंगवायचं ग्रॅम स्टेनिंग. जांभळ्या काड्या आणि गोलांच्या साखळ्या, दोन्ही एकदम क्लिअर! कंडेन्सर (स्टेजखालची लाइट गोळा करणारी लेन्स) पूर्ण वर आणि आयरिस (त्याखालची लाइट कमीजास्त करायची झडप) उघडी ठेवा मात्र, नाहीतर १०० वर अंधार. फुटाळा तलावाच्या पाण्याचा थेंब १० एक्सवर पाहिला तर पॅरामेशियम (एकपेशीय जीव) असे पळून राहिले की स्लाइड हलवता हलवता हात दुखले. आणि सगळ्यात भारी म्हणजे संत्र्यावरची हिरवी बुरशी, पेनिसिलियम. सेलोटेपनं उचलायची, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात बसवायची, ४० एक्सवर बुरशीच्या बीजाणूंचा ब्रश दिसतो ब्रश. संत्र्याची तर आपल्याकडे कमी नाही बाप्पा. घरी कल्चर वाढवायच्या भानगडीत मात्र पडू नका, पेट्री डिशचे उद्योग लॅबमध्येच, तिथं १२१ डिग्रीचा ऑटोक्लेव्ह (प्रेशर कुकरसारखं वाफेचं मशीन) असतो सगळं मारून टाकायला, घरी काय करणार?

तक्रार स्टेजची. मेकॅनिकल स्टेज आहे पण ढिली, १०० वर एक फील्ड सापडलं आणि नॉब सोडला की हळूच सरकते, फार चिडचिड होते. फाइन फोकस ठीकठाक. १०० एक्सचं टोक स्प्रिंगवर मागे जाते, लेन्स स्लाइडला टेकली तरी लगेच तडा जात नाही हे बरं. एलईडी चार्जिंगची असल्यानं लाइट गेली तरी चालते. आरशाचं मॉडेल हजारभर स्वस्त मिळून राहिलं होतं पण ऑइलला तो उजेड पुरत नाही, घेऊ नका.

तेल पुसायला लेन्स पेपरच वापरा, ओढणी रुमाल नाही. तो आणि तेलाची छोटी बाटली वेगळी घ्यावी लागते, डस्ट कव्हर मात्र मागितलं तर फुकट देतात. पहिल्या दुसऱ्या सेमिस्टरवाल्यांनी एकट्यानं घेण्यापेक्षा रूमवरच्या दोघी-तिघींनी मिळून घेतला तर परवडते. ५ पैकी ४, स्टेज घट्ट असती तर साडेचार दिले असते.