बारावीनंतर संशोधन: पाषाणचं आयसर की पुण्यातलं खासगी विद्यापीठ?

मूलभूत विज्ञानातच राहायचं हे पक्कं असेल, तर आमच्या मते आयसर आधी. 2006 साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र, पाच वर्षांचं, आणि पाचवं वर्ष मुख्यतः प्रबंधाचं. प्रवेश आयएटी या आयसरच्या प्रवेश परीक्षेवर: तीन तास, 60 प्रश्न, जीव, रसायन, भौतिक आणि गणित प्रत्येकी 15. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. बरीच मुलं इथेच अडकतात. अकरावीला गणित नाहीतर जीवशास्त्र सोडलेलं असतं आणि चौथा विभाग कोराच राहतो. त्या विषयाचा निदान अकरावीचा भाग तरी करून जा.

विषय अजून ठरत नसेल, तर खासगी विद्यापीठात वाव जास्त. सिम्बायोसिस हे अभिमत, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेलं. फ्लेम आणि एमआयटी-डब्ल्यूपीयू राज्याच्या कायद्याने झालेली, म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित. चार वर्षांच्या 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. पण गुण मिळाले तरी मार्गदर्शक मिळायला हवा, म्हणून 'संशोधनाला प्राधान्य' या माहितीपत्रकातल्या शब्दांवर जाऊ नका. विभागातल्या प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध काढा. त्यावर पत्ता याच विद्यापीठाचा आहे की त्यांच्या जुन्या संस्थेचा, ते पाहा. प्रयोगशाळा दाखवतील तेव्हा यंत्राशेजारचं लॉगबुक उघडा: शेवटची नोंद कधीची, आणि पदवीच्या मुलांची नावं त्यात आहेत का? नसतील तर ते यंत्र तुमच्या हाती येण्याची आशा कमीच.

राहण्याचं म्हणाल तर आयसरला वसतिगृह आवारातच, आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा शेजारी. सिम्बायोसिस आणि फ्लेम आहेत त्या लवळ्याच्या डोंगरावर हवा सुरेख, पण शहर लांब. रात्री रिक्षा मिळेल हे धरून चालू नका. एमआयटी-डब्ल्यूपीयू आहे त्या कोथरूडला कॉट बेसिसवर खोली, मेस आणि पौड रस्त्यावर मेट्रो, सगळं हाताशी.

पैशाचं आधीच नीट बघा. इन्स्पायर या केंद्राच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला 80,000 रुपये मूलभूत विज्ञानाला मिळतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींची 2024 ची राज्य शुल्कमाफी मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. आयएटीच्या निकालाआधी खासगीत जागा धरून ठेवणार असाल, तर त्यांची प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख लिहून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मूळ नियमाप्रमाणे तिच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वगळून सगळे पैसे परत. तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे काहीच नाही.