गौतमीपुत्र सातकर्णी की दुसरा पुलकेशी : प्रकल्पासाठी कोण निवडावा?

सांगलीत इतिहास शिकणारी माझी भाची प्रकल्पासाठी सातवाहन राजा गौतमीपुत्र आणि बदामीचा चालुक्य राजा पुलकेशी या दोघांपैकी कोण घ्यावा, या पेचात आहे. पराक्रमाची तुलना बाजूला ठेवून मी साधने आणि श्रम पाहतो.

गौतमीपुत्राची मुख्य प्रशस्ती, म्हणजे स्तुतिपर लेख, नाशिकच्या लेण्यात प्राकृत भाषेत आहे. ती त्याच्या पश्चात आई गौतमी बलश्री हिने कोरवली, म्हणून तिच्यातील स्तुती जपूनच वाचावी लागते. मात्र नाणी तिला पुष्टी देतात. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे त्याचा शत्रू, क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर उमटलेला विजेत्याचे चैत्यचिन्ह (कमानींची डोंगरासारखी आकृती) पाहिले की युद्धाचा निकाल शब्दांवाचून कळतो. यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

पुलकेशीच्या बाजूने 634 चा ऐहोळे शिलालेख आहे. रविकीर्तीचे हे संस्कृत काव्यही दरबारीच. पण चिनी प्रवासी ह्युएन त्संगही उत्तरेचा सम्राट हर्ष याला पुलकेशीला नमवता आले नाही असे सांगतो. शिवाय पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याचा ताम्रपट साताऱ्याचा आहे आणि सांगलीहून बदामी-ऐहोळे नाशिकपेक्षा जवळ पडते.

नाण्यांची आवड आणि प्राकृत शिकण्याची तयारी असेल, तर गौतमीपुत्र घ्यावा. संस्कृत येत असेल, वेळ थोडा असेल आणि स्थळे स्वतः पाहायची असतील, तर पुलकेशी. भाचीला मी तोच सुचवला आहे.