बीएस्सी, सपोर्टची नोकरी आणि मग एमसीए : तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

साधी बीएस्सी करून आयटीत सपोर्टला लागलेले आणि आता एमसीए (संगणक उपयोजनांतली पदव्युत्तर पदवी) करावं का या विचारात असलेले बरेच जण मला विचारत असतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. संगणकाची पदवी नसताना या क्षेत्रात आलेल्या माणसानं पूर्णवेळ एमसीए जरूर करावं, आणि ते पहिल्या वर्षात जे शिकायला मिळतं त्यासाठी करावं. फक्त प्लेसमेंटवर डोळा ठेवून येणार असाल तर दोनदा विचार करा.

मी मूळची बार्शीची. फिजिक्समध्ये बीएस्सी केली आणि पुण्यात एका खासगी कंपनीत ॲप्लिकेशन सपोर्टला लागले. तिकीट आलं की लॉग बघायचा, ठरलेल्या यादीप्रमाणे सर्व्हिस रीस्टार्ट करायची, नाहीच जमलं तर वरच्या टीमकडे एस्कलेट करायचं. पगार वेळेवर, माणसं चांगली, रात्रपाळीचीही सवय झाली होती. पण काय करायचं ते तोंडपाठ होऊनही ते का करायचं हे कळायला काही मार्ग नव्हता. डेव्हलपमेंटच्या जागा निघायच्या त्यात बीई, बीटेक किंवा एमसीए अशी अट असायची. बँकांच्या आयटी अधिकारी पदाच्या, म्हणजे आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेलाही संगणक, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारख्या शाखेतली अभियांत्रिकी पदवी, नाहीतर तशी पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसोबत डोएकची 'बी' लेव्हल लागते. नुसत्या फिजिक्सच्या पदवीवर तो अर्जच भरता येत नाही. म्हणून २०२४ मध्ये एमसीएच्या प्रवेशाची सीईटी दिली.

सीईटीबद्दल फार लिहीत नाही. १०० प्रश्न, २०० गुण, ९० मिनिटं. बारावीपर्यंतचं गणित पक्कं असेल आणि लॉजिकल रीझनिंगचा वेग असेल तर नोकरी सांभाळूनही तयारी होते. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर उत्तमच, पण पात्रतेची नेमकी अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. खरी धावपळ पुढे कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांना असते. नोकरी केलेल्यांनी गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत कधीपर्यंत आहे ते आजच काढून बघा. तहसील कार्यालयात ऐन जून-जुलैत गर्दी असते आणि त्या एका कागदापायी हातची जागा जाऊ शकते. माझ्यासमोर एका मुलाचा प्रवेश राखीव गटातून थेट खुल्या गटात गेला.

आता अभ्यासक्रमाकडे. २०२०-२१ पासून एमसीए तीन वर्षांचं दोन वर्षांवर आलं. ज्यांनी बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलंय त्यांना हे जड जात नाही. आमच्यासारख्यांना मात्र ब्रिज कोर्स, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणारा अभ्यासक्रम असतो आणि तो पहिल्याच सेमिस्टरमध्ये नेहमीच्या तासांच्या जोडीनं चालतो. एकीकडे ब्रिजमध्ये पॉइंटर म्हणजे काय ते शिकायचं आणि त्याच आठवड्यात डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला लिंक्ड लिस्ट उलटी करायची. शेजारच्या बाकावरची मुलगी बीसीए करून आलेली असते, तिचं दहा मिनिटांत होतं. पहिले दोन महिने फार जड गेले. वर्गातल्या दोघांनी दिवाळीच्या आत प्रवेश रद्द केला. ती मुलं हुशार होती, त्यांना थोडा वेळ मिळाला असता तर ती टिकली असती असं मला आजही वाटतं. दोन वर्षांचा निर्णय घेताना या गटाकडे कुणी नीट बघितलेलं दिसत नाही. ब्रिज कोर्स प्रवेशानंतर लगेच, वर्ग सुरू होण्याआधी पूर्ण व्हायला हवा.

तेवढे दोन महिने तग धरला की पुढे जे हाती लागतं ते सांगते. आमचा ॲडव्हान्स्ड डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेसच्या विषयाचा, एक प्रॅक्टिकलचा तास होता. सरांनी दहा लाख ओळींचं व्यवहारांचं एक टेबल दिलं होतं. तारीख-वेळेचा रकाना होता आणि त्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूचीही होती. एका दिवसाच्या व्यवहारांची बेरीज काढायची होती. आम्ही सगळ्यांनी सुचेल तशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली: त्या रकान्याला डेट फंक्शन लावलं आणि हव्या त्या तारखेशी बरोबरी केली. उत्तर आलं. सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण त्यासाठी किती पानं वाचली?" मग त्यांनी क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लिहायला सांगितलं, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते दिसतं. टाइपच्या रकान्यात ऑल असं आलं आणि ओळींच्या (rows) रकान्यात दहा लाखांच्या आसपासचा आकडा. म्हणजे इंडेक्स असूनही मायएसक्यूएलनं (आम्ही वापरत होतो तो डेटाबेस) पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं टेबल वाचून काढलं होतं.

कारण त्यांनी फळ्यावर बी प्लस ट्री, म्हणजे इंडेक्सची झाडासारखी रचना, काढून दाखवलं. इंडेक्समध्ये तारखा चढत्या क्रमानं लावलेल्या असतात. शोध घेताना मुळापासून एकेक पातळी उतरत थेट हव्या त्या पानावर जाता येतं, आणि दहा लाख ओळींसाठीही अशा तीन-चार पातळ्या पुरतात. पान म्हणजे डेटाबेस एका वेळी वाचतो तो तुकडा, एकेक सोळा केबीचा. पण रकान्याला फंक्शन लावलं की डेटाबेसपुढे ती मूळ क्रमानं लावलेली किंमत राहत नाही. प्रत्येक ओळीला फंक्शन लावून बघण्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. आम्ही अट बदलली. त्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून पुढे, आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आधी. पुन्हा एक्सप्लेन. आता टाइपमध्ये रेंज आणि ओळी फक्त काहीशे. क्वेरीचा अर्थ तोच, उत्तर तेच, मशीन तेच.

त्या दिवशी मला माझी जुनी रात्रपाळी आठवली. महिनाअखेरीला एक रिपोर्ट अडकायचा, तिकीट यायचं आणि आम्ही सर्व्हिस रीस्टार्ट करायचो. रीस्टार्ट केल्यावर गाडी पुढे का सरकायची हे पुढे ट्रान्झॅक्शन आणि लॉक शिकताना कळलं. अडकलेलं सेशन तुटायचं, अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन रोलबॅक व्हायचं, म्हणजे मागे घेतलं जायचं, आणि त्यानं धरून ठेवलेली लॉक, म्हणजे इतरांना अडवणारी कुलपं, मोकळी व्हायची. म्हणजे आम्ही दर महिन्याला लक्षणावर इलाज करत होतो, आणि मुळातली क्वेरी दुरुस्त करायला कदाचित एक दुपार पुरली असती. नोकरीत इतका काळ घालवून जे कळलं नव्हतं ते एका सेमिस्टरमध्ये कळलं. एमसीएची फी आणि सोडलेला पगार माझ्यापुरता तिथेच वसूल झाला.

ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच. पेजिंग, शेड्युलिंग, डेडलॉक हे विषय परीक्षेपुरते घोकणारे खूप असतात. पण सर्व्हरवर मेमरी भरली की नेमकं काय होतं, स्वॅप (मेमरीऐवजी डिस्कचा वापर) वाढला की सगळं का मंदावतं, हे ज्यानं प्रत्यक्ष कामावर पाहिलंय त्याला ही प्रकरणं फार वेगळी वाटतात. म्हणूनच पदवीनंतर थोडी नोकरी करून आलेल्यांना एमसीए जास्त लागू पडतं असं माझं ठाम मत झालंय. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० मध्ये, डाइक्स्ट्रा यांचा सगळ्यात जवळचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम १९५९ चा. दोन्ही आजही रोजच्या कामात आहेत. उलट वेब टेक्नॉलॉजीच्या पेपरात आम्हाला जे फ्रेमवर्क शिकवलं त्याच्या पुढच्या दोन आवृत्त्या केव्हाच बाजारात आल्या होत्या. फ्रेमवर्क घरी बसूनही शिकता येतं. मुळाचे विषय मात्र समोर बसून, प्रश्न विचारत शिकावेत.

ज्या विषयाला शिक्षक नीट मिळाला नाही तिथे मी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आधार घेतला. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर फी. २५ गुण साप्ताहिक असाइनमेंटचे, ७५ प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. आठ किंवा बारा आठवडे दर आठवड्याला काहीतरी सबमिट करावंच लागतं, त्यामुळे अभ्यास मागे पडत नाही. काही ठिकाणी त्याचे क्रेडिटही धरतात, आपल्या विभागात आधी विचारून घ्या.

शिक्षक न मिळण्याचा मुद्दा निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. आमच्या महाविद्यालयात दोन विषयांना सेमिस्टरच्या मध्यावर शिक्षक बदलले, एकाला तर शेवटचे पाच आठवडे कुणी नव्हतंच. सिलॅबस पूर्ण झाल्याची नोंद मात्र झाली. प्रॅक्टिकलची जर्नल अजूनही हातानं उतरवून घेतात. एकाच प्रोग्रामचं आउटपुट तीस जणांनी तीस वेळा लिहायचं यात शिकण्यासारखं काहीही नाही, तो वेळ लॅबला द्यायला हवा. मिनी प्रोजेक्टचं चित्र त्याहून वाईट. तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकत मिळतात, आणि घेणारे घेतात. ज्यांनी रात्री जागून स्वतः कोड लिहिला त्यांना आणि विकत आणणाऱ्यांना सारखेच गुण पडलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

या बाबतीत आमच्या जावाच्या मॅडमनी केलेला बदल मला अतिशय आवडला. चॅटजीपीटी आल्यापासून असाइनमेंटचा कोड सगळ्यांचाच नीटनेटका येतो. मग मॅडमनी व्हायव्हाची पद्धत बदलली. तुमचाच प्रोग्राम स्क्रीनवर उघडायचा, मॅडम त्यातल्या चार-पाच ओळी पुसणार आणि म्हणणार, "हं, लिही आता." इंटरनेट बंद. तंतोतंत त्याच ओळी लिहायचा आग्रह नसतो, प्रोग्राम चालला पाहिजे आणि का चालला ते सांगता आलं पाहिजे. माझ्या प्रोग्राममध्ये त्यांनी हॅशमॅपची (किल्लीवरून किंमत शोधून देणाऱ्या रचनेची) किल्ली म्हणून वापरलेल्या क्लासमधली, वस्तू कोणत्या कप्प्यात जाईल ते ठरवणारी हॅशकोडची मेथड पुसली आणि विचारलं, इक्वल्स (दोन वस्तू सारख्या आहेत का ते बघणारी मेथड) तशीच ठेवली आणि ही काढली तर काय बिघडेल? दोन वस्तू आशयानं सारख्या असूनही बहुधा वेगवेगळ्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यांत पडतील आणि ठेवलेली किंमत परत सापडणार नाही, हे त्या खुर्चीत बसून शोधून काढताना घाम फुटला, पण ते आता कधीच विसरणार नाही. असे शिक्षक एखाद-दुसरेच असतात, पण त्यांच्यामुळे सेमिस्टर सार्थकी लागतं.

पैशांचं गणित. कोणत्या महाविद्यालयाची किती फी ठरली आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं, दलालांवर विसंबू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आधी निम्मं होतं. कॅपमधून प्रवेश हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. मला याचा थेट लाभ झाला. नोकरी सोडायचा निर्णय घरी पटवताना बाबांपुढे हाच कागद ठेवला होता. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आठवणीनं करायचं. बाकीचा खर्च मात्र आपलाच. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, पीएमपीएमएलचा पास आणि बरा लॅपटॉप. सोळा जीबी रॅमपेक्षा कमी घेऊ नका, व्हर्च्युअल मशीन आणि आयडीई एकत्र चालवताना आठमध्ये जीव मेटाकुटीला येतो.

प्लेसमेंटबद्दल कुणाला खोटी आशा लावायची नाही. २०२१-२२ मधली घाऊक भरती आता राहिलेली नाही. २०२३-२४ या एका वर्षात एकट्या टीसीएसची कर्मचारी संख्या १३,२४९ नं घटली, तेव्हा कॅम्पसवर काय चित्र असेल ते समजून घ्या. येणाऱ्या कंपन्या दहावीपासून ६० टक्क्यांची चाळणी लावतात, त्यात बारावीला घसरलेली चांगली मुलं बाद होतात. माझी चौथ्या सेमिस्टरची इंटर्नशिप कॅम्पसमधून मिळाली नाही. ती मिळाली जुन्या ऑफिसमधल्या एका दादाच्या ओळखीनं आणि मुलाखतीत इंडेक्सवर विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवर. तिथे डेटाबेसच्या टीममध्ये आहे आणि काम मनापासून आवडतंय.

दुसरे पर्यायही खरे आहेत. सहा महिन्यांत नोकरीयोग्य व्हायचं असेल आणि सकाळपासून रात्रीपर्यंत राबायची तयारी असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक अभ्यासक्रम बघा, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण तो पदविका आहे, जिथे पदव्युत्तर पदवीची अट आहे तिथे चालत नाही. घरची जबाबदारी असेल आणि नोकरी सोडणं शक्यच नसेल तर इग्नूचं एमसीए आहे, किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतं. फक्त तिथे तुमच्या क्वेरीनं किती पानं वाचली हे विचारणारं रोज समोर कुणी नसेल, तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावा लागेल. बीई झालेल्यांनी एमसीएच्या वाटेला जाऊ नये, गेट देऊन एमटेक करावं, तिथे महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंडही मिळतो. आणि बीसीए चांगल्या ठिकाणी, मन लावून केलं असेल तर पहिल्या वर्षातलं बरंचसं पुन्हा वाट्याला येईल याची तयारी ठेवा.

कॅपमध्ये महाविद्यालयांची पसंती देण्याचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक काम नक्की करा. यादीतल्या पहिल्या चार-पाच महाविद्यालयांत कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जा. प्लेसमेंटचे फलक सगळीकडे असतात, ते बघू नका. लॅब उघडी आहे का, आत मुलं काम करतायत का, एवढं बघा. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि डीबीएमएस, ओएस आणि डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवतं, ते शिक्षक किती वर्षं तिथे आहेत, हे विचारा. तीनही नावं त्यानं लगेच आणि आनंदानं सांगितली, तर ते महाविद्यालय वर घ्या.