बंद केलेल्या पोस्टपेड जोडणीचे बिल आणि वसुलीचे फोन

मोबाइल कंपनीच्या दादरच्या दालनात पोस्टपेड जोडणी बंद करण्याचा अर्ज देऊन शिक्क्याची पोच घेतलेली असतानाही या कंपनीने पुढील दोन महिन्यांचे 1,178 रुपये थकबाकी म्हणून दाखवले आणि वसुली एजंटाने माझ्या सत्तरीतल्या आईला घरच्या फोनवर दरडावले, हे अक्षम्य आहे. ग्राहक सेवा केंद्राने तक्रार क्रमांक दिला, उत्तर मात्र दिले नाही. ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे मी पोचीची प्रत जोडून, एजंटाच्या फोनच्या तारखा-वेळा लिहून अपील केले आणि 39 दिवसांच्या मुदतीच्या आत बिल रद्द झाल्याचे लेखी पत्र मिळाले. आईची माफी अद्याप कोणीही मागितलेली नाही.