इनो सेटअप: पहिलं इन्स्टॉल सोपं, अपग्रेडकडे मात्र लक्ष हवं

ओपन सोर्स प्रोग्रॅम विंडोजवर द्यायचा असेल, तर नुसती झिप फाइल देऊन भागत नाही. त्यासाठी जॉर्डन रसेल यांनी १९९७ साली आणलेलं, इन्स्टॉलर बनवून देणारं इनो सेटअप आजही आमची पहिली पसंती आहे. विझार्डमधली माहिती भरली की आयएसएस स्क्रिप्ट, म्हणजे इन्स्टॉलरच्या सूचनांची फाइल, तयार होते. ती कंपाइल केली की इन्स्टॉलरची एकच ईएक्सई (चालवता येणारी फाइल) हाती येते. कमांड लाइनचा कंपायलरही सोबत असल्यामुळे प्रत्येक रिलीजला बिल्ड आपोआप निघतो.

खरी कसोटी दुसऱ्या आवृत्तीला लागते. प्रोग्रॅमची नवी ईएक्सई देताना तिच्यातला व्हर्जन क्रमांक वाढवायचा राहिला, तर इनो जुनी फाइलच ठेवतं आणि तक्रारही करत नाही. म्हणून आपल्या प्रोग्रॅमच्या फाइलींना 'इग्नोअरव्हर्जन' हा फ्लॅग लावा; विंडोजच्या सामायिक डीएलएलना (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइलींना) मात्र अजिबात नको. नव्या आवृत्तीतून काढून टाकलेल्या फाइलीही डिस्कवर तशाच राहतात. पायथॉनचे प्रोग्रॅम किंवा प्लगइन असलेले प्रोग्रॅम यात हमखास अडकतात, कारण जुनं मॉड्यूलच लोड होत राहतं. अशा फाइलींची नावं 'इन्स्टॉलडिलीट' विभागात एकेक करून लिहा. अख्खं इन्स्टॉल फोल्डर पुसायचा मोह टाळा. कुणी डेस्कटॉपलाच इन्स्टॉल फोल्डर म्हणून निवडलेलं असू शकतं!

अ‍ॅपआयडी, म्हणजे इनो ज्यावरून प्रोग्रॅम ओळखतं ती खूण, एकदा ठरला की कायमचा. तो बदलला तर एकाच प्रोग्रॅमच्या दोन नोंदी दिसतात. दुसऱ्या प्रकल्पाची स्क्रिप्ट उचलताना तो तसाच राहिला, तर आपला प्रोग्रॅम त्याच्या फोल्डरात जाऊन बसतो.

इन्स्टॉलर मुळात अ‍ॅडमिनचे हक्क मागतो. गरज नसेल तर स्क्रिप्टमधली 'प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड' ही सेटिंग 'लोएस्ट' करा. ऑफिसच्या किंवा शाळेच्या संगणकावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसलेल्यांनाही प्रोग्रॅम टाकता येतो. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखालचा प्रोग्रॅम नुसता वापरायला परवाना मान्य करावा लागत नाही, त्यामुळे 'मला मान्य आहे' असा जबरदस्तीचा पडदा नको. तो मजकूर माहितीच्या पानावर द्यावा.

उणिवा दोन. विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीची एमएसआय फाइल बनत नाही, त्यामुळे ग्रुप पॉलिसीने (सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून सूचना देणाऱ्या विंडोजच्या सोयीने) सॉफ्टवेअर वाटणाऱ्या संस्थांना याचा उपयोग नाही. आणि डिजिटल सही न केलेल्या इन्स्टॉलरला विंडोजचं सुरक्षा फिल्टर स्मार्टस्क्रीन अडवतं. इनो सहीची आज्ञा चालवून देतं, पण सहीसाठी लागणारं प्रमाणपत्र तुम्हालाच मिळवावं लागतं.