मायचं रोजचं इंजेक्शन अन् अण्णांची सकाळची गोळी: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी सध्या दोन पेप्टाइडची (पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा) औषधं चालू आहेत, मायला हाडासाठी टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन अन् अण्णांना शुगरसाठी सेमाग्लुटाइडची गोळी. आठ महिने झाले दोन्ही मीच सांभाळायलो म्हणून लिहितो. आजारच वेगळे, त्यामुळं हे चांगलं का ते असा सवाल नाही, ते डॉक्टर ठरवणार, पण घरात कोणतं निभतं ते मी सांगू शकतो. आमच्याकडं सुई म्हटलं की माणूस मागं सरतो अन् गोळी म्हटलं की सोपं वाटतं, आमच्या घरी नेमकं उलटं झालं.

माय नुसती पाण्याची कळशी उचलायला वाकली अन् मणका दबला, हाडं तेवढी ठिसूळ झालेली. इंजेक्शन पेनासारखं असतंय, रोज 20 मायक्रोग्रॅम, मांडीत नाहीतर पोटावर, अन् सुई एवढी बारीक की चौथ्या दिवसापासून माय स्वतःच्या हातानं घ्यायली. डॉक्टरनी समजून सांगितलं ते मला लई पटलं, हा पॅराथायरॉइड हार्मोनचाच, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीतून येणाऱ्या हार्मोनचाच तुकडा आहे, त्याच्या माळेतल्या 84 अमिनो ॲसिडच्या मण्यांमधले पहिले 34. हेच हार्मोन अंगात सारखं वाढलेलं राहिलं तर हाड झिजतं, अन् दिवसातून एकदाच थोड्या वेळापुरतं दिलं तर हाड भरतं, म्हणून रोज टोचायचं. सुरुवातीला टोचून लगेच उठली की चक्कर यायची, मग रात्री खाटेवर बसूनच घ्यायला लावलं. पिंढऱ्यात गोळे अजूनही येतात कधीकधी.

खरा ताप फ्रिजचा. 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं, बर्फ झाला तर फेकायचं, अन् उघडल्यावर 28 दिवसांनी उरलं तरी टाकायचं. मे महिन्यात लातूरच्या एका मेडिकलवाल्यानं पेन साध्या कॅरीबॅगमधी दिलं, बर्फ नाही काही नाही, त्या उन्हात एसटीनं औशाला यायचं होतं. मी तिथंच परत केलं. एवढ्या महागाचं औषध असं देतेत का? आता घरून थर्मास नेतो, खाली बर्फ, वर टॉवेलची घडी, मग पेन.

आता अण्णांची गोळी. पेप्टाइड पोटात गेलं की डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जातं, म्हणून अशी बहुतेक औषधं टोचावी लागतात. पण या गोळीत एक मदतीचा घटक घातलाय त्यानं ती जठरातून रक्तात शिरते, तेबी जेमतेम एक टक्का. म्हणून नियम कडक: उपाशीपोटी, अर्धा कप म्हणजे 120 मिलीच्या वर पाणी नाही, अन् पुढं अर्धा तास ना चहा ना बीपीची गोळी. अण्णा पाचला उठतात, चुलीवर चहा ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही. पहिला महिना 3 मिलिग्रॅम, मग 7 केली तरी शुगर हलेना, तेव्हा कळलं की ते गोळी चहासंगंच घ्यायले होते! मग पोरीच्या दुधाच्या बाटलीनं पाणी मोजून एका स्टीलच्या पेल्यावर नेलपॉलिशनं खूण केली, गोळी अन् पेला रात्रीच उशाला ठेवायलो, अन् चहाचं आधण गोळीनंतर अर्ध्या तासानं मीच ठेवतो.

तिथून फरक पडला. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.1 टक्क्यांवरून 7.4 वर आली, वजन सहा किलो उतरलं. मळमळ मात्र लई झाली, दोन भाकरी खाणारा माणूस अर्धी टाकून उठायचा, माय रडकुंडीला यायची. तेलकट बंद केलं अन् थोडं थोडं चार वेळा द्यायला लागलो तसं निवळलं.

मायचं हाड किती भरलं ते स्कॅनमधीच दिसंल, पण ती आता किल्ल्यापर्यंत चालत जाऊन येते. हे इंजेक्शन सहसा दोन वर्षांच्या वर देत नाहीत, अन् बंद केल्यावर भरलेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतंच, ते आत्ताच डॉक्टरला विचारून ठेवलंय. सेमाग्लुटाइड अंगात लई दिवस टिकतं त्यामुळं त्याचं आठवड्यातून एकदाचं इंजेक्शनबी असतंय. मायचं पेन बघून अण्णाच म्हणायलेत की मलाबी ते विचार, सकाळचा चहा तरी वेळेवर मिळंल. पुढच्या तारखेला विचारणार आहे.